बनारसमधून गोल्फपटू घडवायचा तर पैसा नेमका कशावर लागतो

गोल्फ महाग आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण कशामुळे महाग आहे याबद्दल बहुतेक पालकांचा अंदाज चुकतो. त्यांची नजर क्लबच्या सेटवर असते. खरा खर्च होतो मैदानावर आणि प्रवासावर, आणि वाराणसीत राहणाऱ्या घराला प्रवास जास्तच महागात पडतो. पुढचा हिशेब रेल्वे, बीएचयू किंवा बँकेच्या नोकरीनिमित्त तिथे असलेल्या, किंवा ब्रह्मघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांसाठी आहे. रकमा ढोबळ आहेत. पैसे भरण्याआधी ताजा दर विचारून घ्या.

सेटचा विषय लवकर संपतो. नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला पाच ते सात पुरतात. असा अर्धा सेट 8 ते 15 हजारांत येतो, वापरलेला घेतला तर त्याहून कमी. मुलाची उंची वाढते आणि दोनेक वर्षांत क्लब आखूड पडतात, म्हणून नवा कोरा सेट घेण्यात अर्थ नाही. मापाने बनवून घेतलेला सेट उंची थांबल्यावरच घ्या, त्याला लाख-दीड लाख सहज लागतात. चेंडूंचंही तसंच. नामांकित कंपनीचा नवा चेंडू चारशे रुपयांच्या आसपास पडतो, तर तळ्यातून काढून धुतलेला शंभराच्या आत मिळतो. शिकणारा मुलगा चेंडू हरवणारच, तेव्हा त्याला जुनेच द्या.

आता मैदान. वाराणसीत गोल्फचं नाव काढलं की बनारस रेल्वे इंजिन कारखान्याच्या वसाहतीतलं मैदान समोर येतं. 2020 पर्यंत हा कारखाना डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स होता. आता त्याला बरेका म्हणतात, जुनी माणसं अजून डीरेकाच म्हणतात. मैदान रेल्वेच्या आवारात आहे, त्यामुळे पहिला प्रश्न फीचा नसून परवानगीचा आहे. तुम्ही रेल्वेत नसाल तर बाहेरच्याला सदस्यत्व मिळतं का, मुलाला रोज सरावाला येऊ देतात का, आणि कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, घेणं सक्तीचं आहे का, हे तीन प्रश्न कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. रेल्वेत असाल, तर या खेळातला सगळ्यात मोठा खर्च तुमच्यापुरता जवळजवळ मिटला आहे, हे ध्यानात घ्या.

मी हे इतक्या ठामपणे म्हणतो, कारण भारतातल्या मोठ्या गोल्फपटूंकडे पाहिलं की हाच धागा दिसतो. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळ राखण्याचं काम करायचे. मुलगा त्या आवारात खेळ शिकला आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. 1991 मध्ये ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्ली गोल्फ क्लबचे कॅडी होते. अनिर्बान लाहिरी यांचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, त्यामुळे छावण्यांची मैदानं घरच्यासारखी. कोणी गरीब, कोणी मध्यमवर्गीय, पण फाटक प्रत्येकासाठी उघडं होतं. तुमच्या मुलासाठी ते उघडं नसेल तर सेटचा पैसा वाचवून आधी मैदानाची सोय करा.

बरेकाच्या मैदानावर पाया पक्का होईल. पण स्पर्धेत टिकायचं तर 18 होलच्या मोठ्या मैदानावर नियमित खेळावं लागतं, आणि त्यासाठी जवळचं सोयीचं शहर म्हणजे लखनौ, सुमारे 300 किलोमीटरवर. पाहुण्यांची ग्रीन फी, कॅडी, एक रात्र मुक्काम, दोघांचं तिकीट आणि जेवण धरून शनिवार-रविवारच्या एका फेरीला 8 ते 12 हजार लागतात. महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षाला अडीच लाखांच्या आसपास खर्च होतो. चांगला प्रशिक्षक महानगरांत तासाला हजार ते अडीच हजार घेतो. त्याच्याकडे दर आठवड्याला धावण्याऐवजी महिन्यातून एकदा जा. मधल्या काळात मुलाचा फटका मोबाइलवर समोरून आणि बाजूने चित्रित करून पाठवा, बरेच प्रशिक्षक अशी तपासणी करून देतात.

हौशी स्पर्धा इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली होतात. नोंदणी आणि अधिकृत हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, लागतं. हँडिकॅपची वरची मर्यादा 54 आहे, तेव्हा नवख्यानेही संकोच करू नये. खर्च पुन्हा प्रवासाचाच, आणि तो दुप्पट, कारण अल्पवयीन मुलाबरोबर आई किंवा वडील जातातच. स्पर्धेसाठी दिल्लीला जायचं तर वंदे भारतने सुमारे आठ तास लागतात. पण डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात, म्हणून त्या दिवसांत एक दिवस आधी पोहोचा आणि हॉटेलची एक जादा रात्र हिशेबात धरूनच ठेवा. सरावफेरी बुडाली तर सगळी वारी फुकट जाते.

इथे एका नियमाचा फायदा पालक घेत नाहीत. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार हौशी खेळाडूला 700 पौंड किंवा 1000 डॉलरपर्यंतचं बक्षीस घेता येतं, रोख रक्कमसुद्धा. शिवाय प्रायोजक घेण्यावरचे निर्बंध उठले आहेत. एखाद्या स्थानिक दुकानाने किंवा कारखान्याने प्रवासखर्च उचलला आणि त्याचं नाव मुलाच्या टोपीवर आलं, तरी तो हौशीच राहतो. म्हणजे केवळ पैसा उभा करायला व्यावसायिक होण्याची गरज उरलेली नाही.

व्यावसायिक होण्याची घाई हीच सगळ्यात महाग चूक आहे. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, 2006 मध्ये उभी राहिली. तिच्यात शिरायला पात्रता फेरी, म्हणजे क्यू-स्कूल, पार करावी लागते. पार केल्यावर पगार सुरू होत नाही, खर्च सुरू होतो. एका स्पर्धेसाठी सहा-सात दिवस घराबाहेर. हॉटेलची खोली दुसऱ्या खेळाडूबरोबर वाटून घेतली तरी मुक्काम, जेवण, कॅडी, प्रवेश फी आणि प्रवास मिळून 30 ते 45 हजार होतात. वर्षाला वीस स्पर्धा धरल्या तर सहा ते नऊ लाख. त्यात प्रशिक्षक, फिजिओ, चेंडू आणि मधल्या आठवड्यांचा सराव मिळवला की दहा-बारा लाखांची तयारी हवी.

आता मिळकत पाहा. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला 15 लाख मिळतात. पण मैदानात सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरतात आणि दोन फेऱ्यांनंतर साधारण पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढेच पुढे जातात. बाकीचे व्यावसायिक रिकाम्या हाताने परततात, हॉटेलचं बिल मात्र तेवढंच असतं. मुलींच्या देशांतर्गत टूरवर तर एका स्पर्धेची बक्षिसं याहून बरीच कमी असतात, म्हणून मुलीचा हिशेब आणखी जपून करा. माझं मत असं: राष्ट्रीय हौशी स्पर्धांत सलग दोन हंगाम वरच्या दहांत नाव आलं आणि दोन वर्षांचा खर्च बँकेत वेगळा काढलेला असला, तरच उडी घ्या. पुन्हा हौशी होता येतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि थांबावं लागतं. पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, कारण व्यवसायाचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो.

या खेळात उशीर झाला असं सहसा होत नाही. महूचे मुकेश कुमार डिसेंबर 2016 मध्ये दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकले तेव्हा 51 वर्षांचे होते, आणि आशियाई टूरवरचं ते त्यांचं पहिलंच विजेतेपद होतं. व्यावसायिकांची सीनियर कारकीर्द पन्नाशीला सुरू होते. जीव मिल्खा सिंग यांनी 2021 च्या डिसेंबरात पन्नाशी गाठली आणि ते युरोपातल्या लेजंड्स टूरवर खेळू लागले. मात्र परदेशातला एकेक आठवडा लाखांत जातो. तरुणपणी कमावलेलं नाव किंवा भक्कम प्रायोजक पाठीशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. हौशी ज्येष्ठाचं गणित वेगळं आहे. सेट जुना चालतो, प्रशिक्षक वर्षातून दोनदा पुरतो, स्पर्धा निवडून खेळता येतात आणि सोबत पालकाचं तिकीट काढावं लागत नाही. बरेकात प्रवेश असेल तर महिन्याला तीन ते पाच हजारांत पन्नाशीनंतरचा गोल्फ नीट खेळता येतो. मुलाला मैदानावर सोडायला जाणाऱ्या आई-बाबांनी बाकावर बसून राहण्यापेक्षा स्वतःचीही नोंदणी करून टाकावी.