धुण्याचें यंत्र घेतांना

कैनाडसारख्या गांवीं धुणें बहुधा आईच्या व थोरल्या बहिणीच्या वांट्यास येतें, व बहिणीचा अभ्यासाचा वेळ त्यांत खर्ची पडतो. म्हणून धुण्याचें यंत्र ही केवळ चैनीची वस्तु नव्हे. परंतु पैसे मोजकेच असतां भपक्यास न भुलतां तीन गोष्टी पाहाव्या, असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट पाणी. पूर्ण स्वयंचलित यंत्रास नळाचें पाणी पुरेशा दाबानें लागतें. जेथें पाणी हंड्यांनीं भरावें लागतें, तेथें दोन टाक्यांचें अर्धस्वयंचलित यंत्रच बरें. त्यांत बादलीनें पाणी ओततां येतें. साबणाच्या एकाच पाण्यांत आधीं पांढरे व मागून मळके कपडेही निघतात. पिळण्याच्या टाकीचा उपयोग पावसाळ्यांत विशेष कळतो.

दुसरी गोष्ट वीज. साध्या फिरत्या कळीच्या यंत्राचें काम वीज मध्येंच गेली तरी मागाहून पुढें नेतां येतें. सारख्याच जातीच्या व आकाराच्या यंत्रांत ज्याच्या चिठ्ठीवर तारे अधिक, तें वीज कमी खातें. मात्र घरांत अर्थिंग नसल्यास यंत्र लावूंच नये. ओल्या हातास बसलेला धक्का प्राणावर बेततो.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. पट्टा, नळी व कळ डहाणूस मिळतात काय, कारागीर गांवापर्यंत येईल काय, हें पैसे देण्यापूर्वींच विचारावें.

सारांश, ज्यांत बिघडण्यासारखें थोडें, तेंच यंत्र गरिबाचें. आणि पाणी ओतण्यास भावानेंही हात लावावा. बहिणीच्या हातीं पुस्तक आलें, तरच पैसे सार्थकीं लागले.