संगणकावरील मराठी आणि ज्ञानाची देवघेव

बालाघाट जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे तिरोडी हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे परिचित आहे. खाणीतून खनिज काढले की साठा तेवढा घटतो. ज्ञान मात्र दिल्याने वाढते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हे तत्त्व व्यवहारात आणले आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची मूळ आज्ञावली इंटरनेटवर खुली केली. पुढे जगभरच्या जाणकारांनी तीत सुधारणा केल्या व त्याही सर्वांसाठी खुल्या ठेवल्या.

या देवघेवीचा मराठीशी निकटचा संबंध आहे. संगणकावर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द कित्येकदा ‘शेतकर्यांना’ असा उमटतो. हा दोष क्षुल्लक नव्हे. ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला, तर ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला. एका चिन्हाने अर्थ पालटतो. असा दोष पाठ्यपुस्तकात राहिल्यास मुले चुकीचेच वाचावयास शिकतात. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत या अक्षरासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त अशी योजना आहे. परंतु हिंदीत हा अर्धा ‘र’ नसल्याने केवळ हिंदी जाणणाऱ्या आज्ञावलीकाराच्या ध्यानात ही उणीव सहसा येत नाही. सीमाभागातील दोन्ही भाषा वाचणारा शिक्षक ती तत्काळ ओळखू शकतो.

मात्र ओळखलेला दोष योग्य रीतीने कळविला पाहिजे. कोणता टंक व कोणती आज्ञावली वापरली, कोणत्या कळा दाबल्या, काय अपेक्षित होते व काय उमटले, हे क्रमाने लिहावे. पडद्याचे छायाचित्र जोडावे; मात्र त्यात कोणा नागरिकाचे नाव वा कागदपत्राचा क्रमांक दिसू देऊ नये. आधी कोणी हाच प्रश्न विचारला आहे काय, ते पाहावे. सुचविलेला उपाय करून पाहिल्यावर तो लागू पडला की नाही, हेही तेथेच नोंदवावे. खाजगीत मिळालेले उत्तर एकाच्याच उपयोगी पडते. खुल्या नोंदीमुळे पुढच्याचे श्रम वाचतात.

अशा सुधारणेस वावही आहे. ‘लोहित’ हे देवनागरी टंक २०११ पासून मुक्त टंक परवान्याखाली उपलब्ध आहेत. ते कोणालाही वापरता, अभ्यासता, सुधारता व इतरांस देता येतात. आज्ञावली लिहिता न येणाऱ्या ग्रामस्थानेही आपल्या भाषेतील चूक नेमकेपणाने दाखवून दिली, तर या कार्यास त्याचा मोलाचा हातभार लागेल.