मुक्या ‘जी-एच’चे बोल

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना ‘जी-एच’ ही जोडी हमखास आडवी येते. नाइट, डॉटर, थ्रू या शब्दांत ती लिहायची, पण उच्चारायची नाही. तिच्याशी झटताना पटलेल्या या काही गोष्टी.

१. ‘सायलेंट आहे, पाठ करा’ एवढ्यावर मुलांची बोळवण करू नये. हजार वर्षांपूर्वी ‘डॉटर’चा उच्चार साधारण ‘दोख़्तोर’ असा होता. ‘ख़’ उर्दूतल्या ‘ख़बर’मधला. तेव्हा तो नुसत्या ‘एच’ने लिहीत. १०६६ मध्ये फ्रान्समधले नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्याचं ‘जी-एच’ केलं.

२. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, जीभ मात्र थांबली नाही. घशातला आवाज गेला, अक्षरं राहिली.

३. ‘ओ-यू-जी-एच’ला एक नियम लावायच्या भरीस पडू नये. टफ, कॉफ, दो, थ्रू, बाउ (म्हणजे फांदी) या सगळ्यांचा शेवट त्याच चार अक्षरांचा. कुठे जुना आवाज ‘फ’ झाला, कुठे पार विरला. हे शब्द वाक्यांतूनच मुरतात.

४. नियम आहे तिथे मात्र त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा. नाइट, लाइट, राइट, फाइट, माइट फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. हे भाऊबंद एकत्र दिसले की स्पेलिंग चुकत नाही.

५. ‘बॉट’ की ‘ब्रॉट’, हा गोंधळ वर्गागणिक असतो. ‘ब्रिंग’मध्ये ‘आर’ आहे म्हणून ‘ब्रॉट’मध्ये आहे, ‘बाय’मध्ये नाही म्हणून ‘बॉट’मध्ये नाही. एवढं पुरतं.

६. तोतये ओळखावेत. ‘डिलाइट’ मूळचा फ्रेंच. त्याच्यात ‘जी-एच’ नव्हताच. ‘लाइट’च्या देखादेखी तो घुसला.

७. नातं आपल्यापर्यंत येतं, तेही सांगावं. ‘नाइट’ला संस्कृतात नक्त, ‘एट’ला अष्ट, ‘डॉटर’ला दुहिता. इंग्रजीत जिथे ‘जी-एच’ आहे, तिथे आपल्याकडे क, ष, ह. हे ऐकताना मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती: चुकलेलं स्पेलिंग दहादा लिहायला लावण्याआधी त्या शब्दाचं कूळ एकदा सांगून पाहा.