गाडीचं पासिंग झालं, आता संतोषरावांचं

वैशू, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, ह्यांचं लायसन्स रिन्यूला आलंय, पण टेन्शन नाही, डॉक्टरची सही एजंटच आणून देतो." तेव्हापासून तुझ्याशी नीट बोलायचं मनात आहे. फोनवर तुझ्यामागे कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांचा गलका, म्हणून लिहून पाठवतेय. दुपारी सगळं आवरलं की निवांत वाच.

तो सहीचा कागद म्हणजे फॉर्म १-ए. माणूस बघून डॉक्टरने त्यात लिहायचं असतं. फिट किंवा चक्कर येते का, हृदयाचा-फुफ्फुसाचा काही त्रास आहे का, रात्री दिसतं का, ऐकू नीट येतं का, दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबर प्लेट ओळखता येते का. प्रश्न अगदी योग्य आहेत गं. पण कागद एजंटच्या पिशवीतून भरून आला, तर त्यात तुझे संतोषराव कुठे आहेत? त्यांच्या दंडाला कुणी पट्टा बांधला नाही की डोळ्यावर बॅटरी मारली नाही.

आणि तपासणी अगदी खरी झाली तरी ती पाच वर्षांतून एकदाच. आधी मालवाहू गाडीचं लायसन्स तीन वर्षांचं असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांचं झालं. गॅस-केमिकलसारखा धोक्याचा माल नेणाऱ्यांचं तेवढं तीन वर्षांचं. आता ते चालवतात त्या ट्रेलरचं बघ. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, पुढे दर वर्षी. ब्रेक बघतात, लाइट बघतात. गाडी जुनी होईल तसं पासिंग जवळजवळ यायला लागतं, आणि ती चालवणारा माणूस चाळिशी ओलांडतो तरी त्याला पाच वर्षं कुणी विचारत नाही. रेल्वेत असं नसतं. लोको पायलटचं वय वाढेल तसं दोन तपासण्यांमधलं अंतर कमी होत जातं. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरचं मेडिकल कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, बीपी असेल तर त्याहून कमी. आपल्याकडे सरकार म्हणेल तेव्हा म्हणेल, तू मात्र घरात वर्षातून एकदा तपासणीचा नेम लाव. मला तुला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याच्याच भोवतीचं आहे.

तू म्हणशील, त्यांना काही होत नाही, धडधाकट आहेत. वैशू, बीपी दुखत नाही. साखर वाढत असते तेव्हाही दुखत नाही. जानेवारी २०२५ मध्ये गडकरींनी एक अहवाल जाहीर केला, आयआयटी दिल्ली आणि एका संस्थेने पन्नास हजारांच्या आसपास ट्रक ड्रायव्हर तपासून केलेला. त्यात शंभरातल्या पंचावन्न जणांची नजर अधू निघाली. बीपी तर निम्म्याहून जास्त जणांचं वाढलेलं. ही सगळी माणसं रोज गाडी चालवत होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी त्यांना धडधाकटच म्हणत असतील.

त्यांचं काम कसं चालतं ते तुला मी काय सांगणार! रांजणगावला कंपनीच्या गेटवर लोडिंगसाठी तासन् तास थांबायचं, शहरात दिवसा जड गाड्यांना बंदी म्हणून रात्र पडायची वाट बघायची, मग खराडी बायपासची गर्दी, घाट, आणि न्हावा शेव्याला पुन्हा रांग. जेवण धाब्यावर, तेही मिळेल त्या वेळेला. झोप केबिनमध्ये तुकड्या-तुकड्यांनी. लघवीला थांबायला जागा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. जाग राहावी म्हणून तोंडात तंबाखूचा बार. यातली एकेक गोष्ट अंगात साठत जाते. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, पण संतोषरावांची गाडी जुनी. त्यांच्या नशिबी अजून काही वर्षं इंजिनाची धग आहेच.

आता मुद्द्याचं. डॉक्टर त्यांना दहा मिनिटं बघणार, तू त्यांना घरात बघतेस. त्यामुळे तुला जे दिसतं ते डॉक्टरला दिसणारच नाही. ते रात्री घोरतात, हे तू कौतुकाने सांगतेस, "दमून येतात, ढाराढूर झोपतात." पुढच्या वेळी जरा जागी राहून ऐक. घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का? चार-सहा श्वास जातील एवढा वेळ सगळं शांत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज करून श्वास परत येतो का? तसं असेल तर ती गाढ झोप नाही. झोपेत श्वास अडकण्याचा तो आजार असू शकतो, स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला. माणूस आठ तास पडून उठला तरी थकलेलाच असतो आणि दुपारी स्टेअरिंगवर त्याचा डोळा लागतो. मान जाड, पोट सुटलेलं, सकाळी डोकं जड, ही त्याची संगत. यावर उपाय आहे. वजन उतरवायचं, लागलं तर रात्री मास्क लावून झोपायचं. पण ज्याला होतो त्याला स्वतःला हे सहसा कळत नाही. हे डॉक्टरला सांगायचं काम तुझंच.

त्यांचे तळवेही बघ. घरी आले की पाय धुवायला बसतात ना, तेव्हा. साखर जुनी झाली की पायाची जाणीव बोथट होते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, टाचेला खडा रुतून जखम झाली तरी मोज्यावर रक्त दिसल्यावरच पत्ता लागतो. आणि याच पायाने त्यांना ब्रेकचं पेडल किती दाबलं गेलं ते ओळखायचं असतं. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं, पाण्याचा तांब्या उशाशीच लागणं, हेही लक्षात ठेव.

नजरेची परीक्षा तर तुम्ही गल्लीतच घेऊ शकता. थिटे वस्तीत तुमच्या बिल्डिंगखाली गाड्या उभ्या असतात, तिथून साधारण ३५ पावलं मागे जा, म्हणजे २५ मीटर झाले समज. एक डोळा झाकून प्लेट वाचायला सांग, मग दुसरा झाकून. एकेक डोळा मुद्दाम सांगतेय, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा अधूचं झाकून घेतो. समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरून दिसतात अशी तक्रार असेल तर मोतीबिंदूही असू शकतो. हे आपलं घरगुती झालं. खरी तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडेच. साखर निघाली तर वर्षातून एकदा पडदाही बघून घ्यायचा. त्यासाठी डोळ्यांत थेंब घालतात, त्यानंतर काही तास सगळं धूसर दिसतं. त्या दिवशी ट्रीप घ्यायची नाही आणि घरी येताना बाइकही त्यांनी चालवायची नाही.

तंबाखू आहे म्हणून तोंडही बघायचं आहे, लाजू नकोस. दिवसाच्या उजेडात आ करायला सांग. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? बोटं आत न जाणं, गालाच्या आतून पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, तिखट खाल्लं की आग, यांपैकी काहीही असलं तरी थांबायचं नाही, सरळ ससूनला नाहीतर दातांच्या डॉक्टरला दाखवायचं.

बीपी मोजतानाची घाई मला फार खटकते. माणूस जिना चढून धापा टाकत येतो, तोंडात तंबाखू, आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आवळतात. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू काही नको, पाच मिनिटं शांत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, बाही वर. मग एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. दोन्ही वेळा वरचा आकडा १४० च्या पुढे किंवा खालचा ९० च्या पुढे आला तर डॉक्टरशी बोलायचं. घाबरून नाही, पण टाळूनही नाही.

साखरेसाठी उपाशीपोटी जायला त्यांना जमत नाही हे मला ठाऊक आहे, पहाटे चारला गाडी लावून येणाऱ्याला उपाशीपोट ते कुठलं? म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घे. एचबीएवनसी म्हणतात तिला. खाऊन गेलं तरी चालतं, कुठल्याही वेळी रक्त देता येतं. त्याबरोबर ईसीजी, लघवी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन. ऐकू नीट येतंय का तेही बघून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात बीपी-साखर बघतात, पुढचं लागलं तर येरवड्याचं राजीव गांधी रुग्णालय किंवा ससून. खासगीत पॅकेजच्या जाहिराती बऱ्याच दिसतील, त्यांतली प्रत्येक गोष्ट लागतेच असं नाही, ते डॉक्टरला ठरवू दे.

एचआयव्हीची तपासणीही यात धर. महिना-महिना घराबाहेर असणाऱ्या कुणाच्याही बाबतीत ती करून घ्यावी, त्यात संशयाचं काही नाही. सरकारी केंद्रात ती फुकट होते, माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दोघांनी मिळून करून घ्या, म्हणजे त्यांना बोट दाखवल्यासारखं वाटणार नाही.

आता त्यांच्या मनातली खरी भीती. "काही निघालं तर लायसन्स जाईल, मालक गाडीवरून उतरवेल." ही भीती खोटी नाही, त्यावर हसू नकोस, चिडूही नकोस. शांतपणे सांग की नुसती साखर किंवा बीपी निघालं म्हणून लायसन्स जात नाही, औषधाने दोन्ही ताब्यात राहतात आणि त्यावर हजारो जण गाडी चालवतात. गाडी सुटते ती दुखणं लपवून वाढवल्यावर. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने तपासणी सांगितली आहे. संतोषरावांच्या मालकाला ते लागू होतं का, हे त्यांनी चार ड्रायव्हर सोबत घेऊन विचारावं. एकट्याने नको.

औषध सुरू झालं की एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसव. साखरेच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबलं की साखर धाडकन उतरते. सकाळी घरून गोळी घेऊन निघायचं आणि गेटवर चार तास उपाशी थांबायचं, हे जिवावर बेतू शकतं. घाम फुटतो, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस भलतंच बोलायला लागतो. तसं वाटलं की गाडी लगेच कडेला, तीन चमचे साखर तोंडात, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा साखर, आणि मग काहीतरी खाऊनच पुढे. केबिनमध्ये साखरेची पुडी कायम हवी, क्लीनरलाही ती कुठे आहे ते माहीत हवं. डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य "मी ट्रेलर चालवतो" हेच असू दे, म्हणजे गोळी आणि तिची वेळ त्याप्रमाणे ठरेल. सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतली तर हे कोण सांगणार?

एका बाबतीत मी तुला खोटा धीर देणार नाही. फिट किंवा शुद्ध हरपणं. जानेवारी २०२२ मधली ती वाघोलीच्या बायकांची सहल आठवते ना? मोराची चिंचोलीहून येताना मिनी बसच्या ड्रायव्हरला वाटेतच फिट आली. गाडीत बायका, मुलं. त्यांच्यातल्या एकीला कार चालवता येत होती, तिने स्टेअरिंग हातात घेतलं, ड्रायव्हरला दवाखान्यात पोचवलं आणि बायका-मुलांना सुखरूप आणलं. तिचं सगळीकडे कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण चाळीस फुटी कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरमध्ये शेजारी स्टेअरिंग हातात घेईल असं कुणी बसलेलं नसतं. संतोषरावांना कधी असं झालं असेल, एकदाच जरी, तरी ते डॉक्टरपासून लपवायचं नाही. मग अवजड गाडी सोडावी लागू शकते. ते घरावर भारी पडेल, हप्ते आहेत, पोरांची फी आहे, मला सगळं दिसतं. तरीही सोडावी. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, लोडिंगवर, यार्डात अनुभवी माणूस लागतोच, तिथे आपण मिळून शब्द टाकू. आमचे हेही बोलतील.

आता कधी न्यायचं ते. पुढच्या खेपेला ते सलग दीड-दोन दिवस घरी असतील, त्यातला दुसरा दिवस धर. पहिल्या दिवशी नको, आधी त्यांना झोपू दे. "तपासणीला चला" म्हटलंस तर ते उद्यावर ढकलतील, म्हणून स्वतःचाही नंबर लाव, तुझं हिमोग्लोबिन बघायचंच राहिलंय. जे कागद येतील त्यांचे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये टाक आणि एक-एक झेरॉक्स इन्शुरन्स-पीयूसीच्या फोल्डरमध्ये, म्हणजे वाटेत कुठे दाखवायची वेळ आली तर हाताशी असेल. रिपोर्टमध्ये काहीही येवो, ते आधी त्यांना एकट्याला सांग, सासूबाईंसमोर नाही, पोरांसमोर नाही. आणि मला फोन त्यांना विचारूनच कर.