सोप्रानो सॅक्सोफोन : माउथपीसची निवड आणि सुराचे निदान

लक्षणालाच रोग समजले की उपचार चुकतो, हे आपण वैद्यकीय व्यावसायिक जाणतोच. वाद्याच्या बाबतीतही हेच घडते. मूल सोप्रानो सॅक्सोफोनवर बेसूर वाजवू लागले की ‘त्याला सुराचा कानच नाही’ असे निदान घरातच होते आणि वाद्य कपाटात बंद होते. माफक किमतीच्या वाद्यात मात्र दोष पुष्कळदा कानात नसून माउथपीसमध्ये असतो.

बेल्जियन कारागीर अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्यकुलाचे पेटंट घेतले. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी त्यातील अल्टो सॅक्सोफोनला कर्नाटक संगीतात मानाचे स्थान मिळवून दिले. सरळ घडणीचा सोप्रानो आपल्या सनईसारखा दिसतो. मात्र सनईला दुहेरी पत्ती असते, तर याला माउथपीसवर बांधलेली एकच पत्ती. पेटीच्या भाषेत सांगायचे, तर याचा ‘सी’ म्हणजे काळी पाच.

प्रथम तपासणी : खालचे स्वर अडखळत असतील तर हवेची गळती शोधावी. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा दिवा सोडून झाकणे हलकेच बंद करावीत. कडेने प्रकाश दिसला तर गादी नीट बसत नाही असे समजावे. गळती असताना माउथपीस बदलणे म्हणजे निदानाविना औषध देणे होय.

माउथपीसची निवड : सॅक्सोफोनची नळी शंकूच्या आकाराची असून शंकूचे टोक कापलेले असते. त्या हरवलेल्या टोकाची उणीव माउथपीसमधील पोकळी भरून काढते. तिचे घनफळ गरजेपेक्षा मोठे असल्यास वरचे सप्तक खालच्याच्या तुलनेत उतरते, लहान असल्यास चढते. सोप्रानोची नळी आखूड असल्याने अल्पसा फरकही कानाला खटकतो. नवशिक्याने मध्यम उघडीचा, मध्यम पोकळीचा माउथपीस आणि दोन किंवा अडीच क्रमांकाची पत्ती घ्यावी. उघडी जितकी मोठी, तितकी पत्ती मऊ हवी. ‘मोठा आवाज’ या आमिषाने रुंद उघडीचा माउथपीस मुलास देऊ नये; पत्ती आवरण्यासाठी ते दात आवळते आणि सूर चढतो.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. पत्ती बांधलेला माउथपीस वाद्यापासून वेगळा करून सहजपणे फुंकावा. वरच्या सप्तकातील पांढरी एक, म्हणजे सुमारे १०४६ हर्ट्झ, यांच्या आसपास सूर यावा. तो पुष्कळ चढत असेल तर ओठ-दातांचा दाब अधिक आहे. दुसरी चाचणी व्यत्यासाची : खात्रीचा माउथपीस आपल्या वाद्यावर आणि आपला माउथपीस खात्रीच्या वाद्यावर लावून पाहावा. दोष माउथपीसबरोबर गेला, तर वाद्य निर्दोष ठरते आणि नव्या वाद्याचा खर्च वाचतो.

सूर जुळवणे : माउथपीस आत सारला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. आखूड नळीचे वरचे स्वर यात अधिक हलतात, म्हणून एकाच स्वरावर न थांबता दोन्ही सप्तकांतील स्वर ताडून पाहावेत. सूर मिळवण्यासाठी माउथपीस गळून पडेल इतका बाहेर काढावा लागत असेल, तर तो त्या वाद्याचा नव्हे.

आपल्या नेरडीगोंडा परिसरात ऋतुमानही ध्यानी घ्यावे लागते. हिवाळ्यात पहाटे आदिलाबाद जिल्ह्यात पारा दहा अंशांखाली उतरतो, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. नळीतील हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. पेटीचा सूर मात्र फारसा हलत नाही. म्हणून पाच-दहा मिनिटे वाजवून वाद्य ऊबदार झाल्यावरच सूर मिळवावा.

आरोग्याची दक्षता : पुढचे कायमचे दात आल्यावरच मुलाने हे वाद्य हाती घेणे इष्ट. पत्ती कुणाशी वाटून घेऊ नये. माउथपीस कोमट पाण्याने धुवावा. कढत पाण्याने एबोनाइटचा रंग जातो. नळी कापडाने कोरडी करावी, कारण वाद्यातील बुरशीमुळे वादकास अतिसंवेदनशील न्युमोनायटिस झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सॅक्सोफोन वाजवणारा रुग्ण जुनाट खोकल्याची तक्रार घेऊन आला, तर वाद्याची चौकशी अवश्य करावी.

सारांश, आधी गळती, मग माउथपीस, त्यानंतर ओठांची ठेवण आणि सर्वांत शेवटी कान, असा तपासणीचा क्रम असावा. ‘तुला जमणार नाही’ हे शब्द मुलाच्या मनात दीर्घकाळ राहतात. ते उच्चारण्यापूर्वी पालकांनी एवढी तपासणी अवश्य करावी.