गुळगुळीत फरशी आणि कुत्र्याची चाल

फरशीचा गुळगुळीतपणा हा माणसाच्या घरात स्वच्छतेचा आणि ऐपतीचा पुरावा समजला जातो. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र तो पायाखालचा आधार काढून घेणारा दोष असतो, आणि पाळीव कुत्र्याच्या ज्या वागण्याला घरोघर ‘हट्ट’ किंवा ‘नाटकं’ म्हटले जाते त्यातील बराच भाग या एकाच विसंगतीतून उपजलेला असतो. भिंतीला अंग घासत चालणे, एका पायपुसण्यावरून दुसऱ्यावर झेप घेणे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून कुंईकुंई करणे पण आत न येणे, भांड्यात पाणी असूनही तिथवर न जाणे, आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे खोलीत पाठमोरे शिरणे, हे सर्व प्रकार परस्परांशी असंबद्ध वाटले तरी फरशीच्या नकाशावर मांडून पाहिले की त्यांची संगती लागते.

भिवंडीत ही विसंगती विशेष ठळकपणे दिसते, कारण येथे एकाच कुटुंबाच्या एकाच पिढीत पायाखालची जमीन बदलली आहे. यंत्रमागांच्या या गावातील जुन्या आळ्यांमधल्या घरांत शहाबादी फरशी असे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरातून येणारा हा चुनखडीचा दगड घासून न काढता बसवला तर किंचित खरखरीत राहतो आणि पंजाला धरायला काहीतरी देतो. भोवतालच्या आगरी गावांतले ओटे आणि अंगणे शेणाने सारवलेली असत. कामतघर, अंजूरफाटा आणि काल्हेरकडे उभ्या राहिलेल्या इमारतींत त्यांची जागा विट्रिफाइड लाद्यांनी घेतली. माती, फेल्डस्पार आणि सिलिका यांचे मिश्रण दाबून ते सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजले की काचेसारखी घट्ट लादी तयार होते, जिची पाणी शोषण्याची क्षमता वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. म्हणजे पोछा मारल्यावर पाणी आत मुरत नाही, वरच पातळ थर धरून राहते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतल्या दमटपणाने तो थर दिवसभर वाळत नाही.

कुत्रा टाचेवर नव्हे तर बोटांवर चालणारा प्राणी आहे. त्याच्या पंजाखालच्या गाद्या जाड, खडबडीत त्वचेच्या आणि आतून चरबीच्या असतात, तर नखे मांजरासारखी आत ओढता येत नसल्याने कायम बाहेर राहतात. मातीत ती रुतून धावपटूच्या बुटाखालील खिळ्यांचे काम करतात, परंतु लादीवर रुतायला जागाच नसल्याने लांब वाढलेले नख उलट गादीला जमिनीपासून उचलून धरते आणि साऱ्या देहाचे वजन त्या निसरड्या टोकांवर येते. घरात कुत्रा चालताना टकटक आवाज येत असेल तर नखे वाढली आहेत, एवढे निदान कोणालाही करता येते. बोटांमधील केस गादीवर आले की त्यांचा लोकरी मोज्यासारखा परिणाम होतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि भीतीने त्या पाझरू लागतात. ज्या क्षणी कुत्रा घसरण्याला घाबरतो त्याच क्षणी त्याचे तळवे ओले होतात, आणि एका मर्यादेपलीकडचा ओलावा चकचकीत लादीवर पकड वाढवण्याऐवजी घालवतो.

याला दृष्टीचीही जोड आहे. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या ‘दृश्य कडा’ या प्रयोगात जाड काचेखाली खोली दिसेल अशी रचना केली होती, आणि मानवी अर्भकांप्रमाणेच निरनिराळ्या प्राण्यांची पिल्लेही काच भक्कम असूनही त्या बाजूला जाण्याचे टाळत. ट्यूबलाइट आणि खिडकी यांचे प्रतिबिंब दाखवणारी गडद लादी कुत्र्याला अशीच पोकळ भासत असावी, हा तर्क सयुक्तिक आहे; रात्री दिवा मालवल्यावर तोच कुत्रा त्याच फरशीवरून पाण्यापर्यंत जातो, याचे दुसरे समाधानकारक स्पष्टीकरण सहसा मिळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरात या साऱ्या गोष्टी उलट क्रमाने, म्हणजे आधी चूक आणि मग कारण, अशा समजल्या. आळीतल्या बैठ्या घरात वाढलेला सहा वर्षांचा गावठी कुत्रा कुटुंबासह पाचव्या मजल्यावर आला, आणि पहिल्याच आठवड्यात दाराची घंटा वाजल्यावर धावताना वळणावर त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकून तो पोटावर आपटला. इजा दिसली नाही, म्हणून घटना विसरली गेली; कुत्रा मात्र ती विसरला नाही. मानसशास्त्रात ज्याला अभिजात अभिसंधान म्हणतात, म्हणजे एरवी निरर्थक असलेल्या गोष्टीची एखाद्या तीव्र अनुभवाशी सांगड बसून ती गोष्टच तो अनुभव जागा करू लागणे, ते तीव्र भीतीच्या बाबतीत एकाच प्रसंगात घडू शकते. त्यानंतर सामान्यीकरण होते: भीती त्या वळणापुरती न राहता दिवाणखान्याला, मग प्रत्येक चकाकत्या पृष्ठभागाला आणि शेवटी लिफ्टच्या पोलादी तळालाही चिकटते. महिन्याभरात तो कुत्रा दिवाणखान्यात पाठमोरा येऊ लागला आणि पाहुण्यांसाठी ती करमणुकीची बाब झाली.

त्यापुढील पाच महिन्यांत घरच्यांनी जे जे केले ते नोंदवण्याजोगे आहे, कारण बहुतेक घरांत तेच केले जाते. प्रथम साखळी धरून त्याला फरशीवरून ओढले गेले. ओढताना कुत्रा चारही पाय ताठ करतो, ताठ पाय अधिक घसरतात, आणि त्याच्या लेखी फरशीविषयीचा संशय पुराव्यानिशी सिद्ध होतो. नंतर आवाज चढवला गेला, त्यामुळे भीतीच्या कारणांत मालकाचीही भर पडली. तळव्यांना भेगा दिसल्या म्हणून रोज रात्री खोबरेल तेल चोळले गेले. मायेपोटी केलेला हा उपाय सर्वांत वाईट ठरला, कारण तेल लावलेला पंजा लादीवर साबणाच्या वडीसारखा वागतो. भिवंडीत मागांवरच्या चिंध्यांची पायपुसणी स्वस्त आणि मुबलक, म्हणून ती जागोजागी टाकली गेली, पण त्यांना खालून पकड नसल्याने कुत्रा झेपावताच पायपुसण्यासकट सरकत गेला, आणि निर्धोक वाटणारी शेवटची जागाही त्याच्यापुरती संपली. दिवसातून दोनदा फिनेल टाकून पुसलेल्या फरशीवर साबणी थर राहत होता. तोच थर पंजांवर येऊन चाटला जात होता, आणि त्या चाटण्याला पुन्हा ‘वाईट खोड’ असे नाव मिळाले होते.

पशुवैद्याकडे नेण्याचा विचार सुचला तो कुत्रा जिना चढताना कचरू लागला तेव्हा. तपासणीत मागच्या डाव्या मांडीचा स्नायू उजवीपेक्षा बारीक झालेला आढळला, आणि क्ष-किरणात खुब्याच्या सांध्याची झीज दिसली. म्हणजे भीतीच्या आड वेदना होती: सांधा दुखत असल्याने तो अधिक घसरत होता, आणि घसरण्याच्या धास्तीने आखडून चालल्यामुळे सांधा अधिक दुखत होता. या अनुभवावरून सर्वांत आधी सांगायची गोष्ट हीच की, फरशीची भीती नव्याने उद्भवली असेल तर शिकवण्याआधी तपासणी करावी, आणि त्यात खुबा, गुडघा, पाठीचा कणा व डोळे एवढे तरी पाहिले जावेत. पामेरियन म्हणून घरोघर पाळल्या जाणाऱ्या लहान स्पिट्झ कुत्र्यांत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा विकार आढळतो. असा कुत्रा चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालू लागतो, जे पाहणाऱ्याला लाडिक वाटते. जवळपास क्ष-किरणाची सोय नसेल तर ठाणे, किंवा परळचे 1886 सालापासून चालत आलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, एवढा प्रवास वाया जात नाही. मागच्या पंजाची नखे वरच्या बाजूने घासली जात असतील, पंजा उलटा मुडपून टेकला जात असेल किंवा पाय फरफटत असेल, तर तो फरशीचा दोष नसून मज्जासंस्थेचा विकार असू शकतो, आणि तेथे सतरंजी अंथरत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय.

वेदनेवर औषध सुरू झाल्यावरच फरशीकडे वळणे फलदायी ठरते. नखे दर तीन-चार आठवड्यांनी थोडीथोडी कापावीत. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो, काळ्या नखात तो दिसत नाही, त्यामुळे एकदम खोल कापण्याचा मोह टाळावा. बोटांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत छाटावेत. माणसाचे मोजे कुत्र्याला घालू नयेत, ते लादीवर पायांइतकेच घसरतात. फरशीवर मात्र तुटक तुकडे न टाकता सलग पायवाट तयार करावी, जी अंथरुणापासून पाण्यापर्यंत, तेथून दारापर्यंत आणि विशेषतः वळणांवर अखंड असेल, कारण कुत्रा सरळ चालताना क्वचित आणि वळताना हमखास घसरतो. खालून रबर असलेली जाजमे, व्यायामाच्या चटया, अगदी चिंध्यांची पायपुसणीही चालतात, मात्र त्यांच्या खाली रबरी जाळी हवी. एकूण घराच्या देखण्या सजावटीचा यात बळी जातो हे खरे. पण आरशासारखी जमीन ही मुळात कोणाची गरज होती, हा प्रश्न कुत्र्याने उपस्थित केला असे समजायला हरकत नाही.

भीती घालवण्याची पद्धत कुत्र्यावर नव्हे, तर एका लहान मुलावर प्रथम नोंदली गेली. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला भिणाऱ्या मुलाला तो आवडीचे खात असताना ससा दुरून, मग रोज थोडा जवळून दाखवला. याला प्रतिअभिसंधान म्हणतात, म्हणजे भीतीच्या वस्तूशी सुखाची नवी सांगड घालणे. फरशीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, भाकरीचा तुकडा किंवा वासाने खेचून घेणारी सुकट आधी जाजमावर, मग जाजमाच्या काठावर आणि काही दिवसांनी काठापलीकडे वीतभर अंतरावर ठेवावी, आणि कुत्र्याने एक पंजा लादीवर टेकला तरी त्या दिवसापुरते पुरे मानावे. खाऊ फरशीच्या मध्यभागी ठेवून भुकेच्या जोरावर त्याला तेथवर खेचणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात कुत्रा खातो, पण थरथरत खातो, आणि पुष्कळदा पुढे तो खाऊच नाकारू लागतो.

पिल्लू आणणाऱ्यांसाठी हा सगळा खटाटोप टळण्यासारखा आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या 1965 सालच्या ग्रंथाने रूढ केलेला ‘सामाजीकरणाचा काळ’ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा असून, त्यात भेटलेल्या गोष्टी कुत्र्याला पुढे आयुष्यभर सहज वाटतात. या काळात पिल्लाला माती, गवत, शहाबादी, लोखंडी जाळी आणि लादी अशा सर्व पृष्ठभागांवर थोडेथोडे आणि न पडता चालू द्यावे. परंतु ‘घाण करील’ म्हणून त्याला दिवसभर बाल्कनीतल्या लादीवर वर्तमानपत्र अंथरून कोंडणे, ही भिवंडीतच नव्हे तर सर्वत्र दिसणारी रीत घातक आहे, कारण कागदही सरकतो. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांना खुब्याच्या विकाराचा धोका जास्त होता, तर मऊ आणि किंचित उंचसखल जमिनीवर मोकळे हिंडणाऱ्यांना तो कमी होता. येथील गावठी पिल्लांना अशी जमीन गोदामांमागच्या पडीक रानात फुकट मिळते, आणि महागड्या जातीच्या पिल्लांना नेमकी तीच मिळत नाही.

लेखकाच्या घरातील पायवाट पूर्ण व्हायला दोन महिने लागले. दिवाणखाना, स्वयंपाकघराचा उंबरा आणि पाण्याचे भांडे हे टप्पे कुत्र्याने त्याच क्रमाने परत मिळवले. लिफ्टच्या आत एक रबरी चटई सोबत नेऊन टाकली तर तो आत येतो, विसरली तर येत नाही. बाल्कनीपाशी दीड हात लादी अजून उघडी आहे, ती तो पाठमोराच ओलांडतो, आणि त्या वेळी घरात कोणी हसत नाही.