इंग्रजी वाक्यात आधी कोण?



'बँक सभासदाला देईल' म्हणा की 'सभासदाला बँक देईल', आपल्याला अर्थ एकच लागतो. घेणारा कोण, ते 'ला' प्रत्यय सांगतो. इंग्रजीत असा प्रत्यय नाही, तिथे जागाच बोलते. आधी कर्ता, मग क्रियापद, शेवटी कर्म. 'द बँक शॅल पे द मेंबर' म्हणजे बँक देणार; 'द मेंबर शॅल पे द बँक' म्हणजे आपण देणार! शब्द तेच, पैसा मात्र उलटा. म्हणून कर्जाच्या किंवा जामिनाच्या कागदावर सही करण्याआधी 'शॅल'च्या अलीकडे कोण बसलाय ते बघावे. 'शॅल बी पेड' असेल तर देणारा 'बाय'च्या पुढे शोधावा. ही वाक्ये जरा फसवी.

नकाराचेही तसेच. आपण 'मिसळू नका' म्हणतो, ते 'डू नॉट मिक्स' म्हणतात. तुमसरच्या बाजारातून आणलेल्या औषधाच्या डब्यावर नुसते 'मिक्स' वाचले, तर उसाचे काय होईल ते सांगायला नको.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. घरच्या पोरांना विचारून आम्ही देतो ती वाक्ये सोडवा, कर्ता ओळखा:

द फॅक्टरी क्रशेस केन.
द गॅरंटर शॅल पे द लोन.
द लोन शॅल बी पेड बाय द मेंबर.